मंडळाचा पाऊस वेगळा, रानातला वेगळा: पर्जन्यमापक, नोंदवही आणि अंदाज कसा वापरावा

प्रश्न थोडक्यात असा: महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्रावर ७० मि.मी. पाऊस दाखवतात आणि आमच्या शिवारात नुसती माती भिजलेली असते. कधी नेमके उलट. मग शेतात स्वतःचा पर्जन्यमापक बसवून काही उपयोग आहे का? आणि मोबाइलवर येणाऱ्या अंदाजावर पेरणी-फवारणी किती सोपवायची?

आधी फरकाचे. केंद्र बिघडलेले असेलच असे नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. आणि कुलाब्याला ७३.४ मि.मी. नोंद झाली. दोन्ही वेधशाळा एकाच शहरात, अंतर वीस-पंचवीस किलोमीटर, आणि दोन्ही आकडे बरोबर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मि.मी.च्या वर पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलात की तो हजाराच्याही आत येतो. महसूल मंडळात पंधरा-वीस गावे आणि केंद्र एक. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागते तेव्हा पाऊस बऱ्यापैकी सारखा पसरतो, त्यामुळे केंद्राचा आणि तुमचा आकडा जवळ येतो. वळीव, मृगाचे सुरुवातीचे पाऊस आणि परतीचा पाऊस हे मात्र एकेकट्या ढगांचे काम. बांधाच्या अलीकडे पाऊस, पलीकडे धूळ. पेरणी आणि काढणी नेमकी याच दिवसांत येते, म्हणून स्वतःच्या मापकाचा खरा उपयोग हंगामाच्या दोन टोकांना आहे.

मापक कोणता घ्यावा? सर्वात भरवशाचा म्हणजे हवामान विभागाच्या नमुन्याचा फायबरचा साधा मापक: वर काठ असलेले नरसाळे, खाली जमिनीत रोवायचा पाया, आत प्लास्टिकची बाटली आणि सोबत काचेचे मोजपात्र. नरसाळ्याचे तोंड २०० किंवा १०० चौ. सें.मी. क्षेत्रफळाचे असते आणि मोजपात्र त्या-त्या तोंडासाठीच आखलेले असते. सर्वात मोठी गफलत इथे होते. पात्र फुटते, दुसरे आणले जाते, ते १०० चे असते आणि मापक २०० चा. त्या दिवसापासून वहीतला पाऊस दुप्पट होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आखलेल्या पात्रावर न विसंबता हिशेब पाठ ठेवा: पाणी मि.लि.मध्ये मोजा, त्याला १० ने गुणा, तोंडाच्या चौ. सें.मी. क्षेत्रफळाने भागा, उत्तर मि.मी. येते. २०० च्या मापकात २० मि.लि. म्हणजे १ मि.मी., १०० च्या मापकात १० मि.लि. जुन्या धातूच्या, पाच इंची तोंडाच्या मापकात साधारण १२.७ मि.लि.

हा हिशेब कळला की मापक घरीही बनतो. १६ सें.मी. व्यासाचे, उभ्या काठाचे नरसाळे (क्षेत्रफळ २०१ चौ. सें.मी.), खाली पाच लिटरचा कॅन, आणि कॅन उन्हापासून झाकायला जमिनीत गाडलेला रुंद पीव्हीसी पाइप. पाच लिटरमध्ये २५० मि.मी. मावतात, देशावर तेवढे पुरते, कोकणात आणि घाटमाथ्यावर दहा लिटरचा कॅन घ्या. व्यास मोजताना पट्टी दोन दिशांनी लावा, कारण बाजारातली प्लास्टिकची नरसाळी पुरती गोल नसतात. १६ च्या जागी १६.५ सें.मी. असेल तर आकडा सहा टक्क्यांनी चुकतो. डबा, बादली, घमेले ठेवून मात्र पाऊस मोजू नका. निमुळत्या भांड्यात पट्टी बुडवून आलेला आकडा पावसाचा नसतो.

टिपिंग बकेटचा, म्हणजे छोट्या झुलत्या वाटीचा, इलेक्ट्रॉनिक मापक सोयीचा असतो. वाटी भरली की पलटते आणि एक ठोका मोजला जातो. बहुतेकांत ठोका ०.२ किंवा ०.५ मि.मी.चा. पाऊस किती वाजता आणि किती जोराचा पडला ते यातच कळते. पण फार जोराच्या सरीत वाटी पलटेपर्यंतचे पाणी निसटते आणि आकडा कमी येतो. दुसरा रोग म्हणजे नरसाळे तुंबणे: पक्ष्याची विष्ठा, पालापाचोळा, कोळ्याचे जाळे, मुंग्या. तुंबलेला मापक ओळखायची खूण सोपी आहे. पाऊस अर्ध्या तासात उघडला, पण यंत्र पुढे चार-पाच तास सारख्या अंतराने थेंब-थेंब पाऊस दाखवत राहते. हे यंत्र घेतलेत तरी शेजारी साधा मापक ठेवाच.

जागा निवडताना लोक घाई करतात आणि पुढची दहा वर्षे चुकीचा पाऊस लिहितात. तोंडाचा काठ जमिनीपासून ३० सें.मी. उंच आणि चारही बाजूंनी समतल हवा. गवंड्याची लेव्हल लावून पाहा. भोवती गवत चालेल, फरशी किंवा कोबा नको, थेंब उसळून आत जातात. घराच्या स्लॅबवर तर मुळीच नको. कठड्यावरून वर उसळणारा वारा थेंब तोंडावरून उडवून नेतो आणि जोराच्या पावसातच सर्वात जास्त तूट येते. झाड, घर, विजेचा खांब यांच्या उंचीच्या किमान दुप्पट, जमल्यास चौपट अंतर ठेवा. उसाच्या पट्ट्यात एक वेगळीच अडचण येते: जूनमध्ये मोकळी असलेली बांधावरची जागा ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत तीन मीटर उंच उसाच्या आडोशाला जाते. म्हणजे उसापासून सहा मीटर तरी लांब, बारा मिळाले तर उत्तम. तुषार सिंचनाच्या फेऱ्यात तोंड येत नाही ना, तेही बघा. वहीत एप्रिलमध्ये ८ मि.मी. पाऊस दिसला की आधी स्प्रिंकलरची आठवण व्हावी.

मोजायची वेळ सकाळी ८.३०. जागतिक प्रमाणवेळेनुसार तेव्हा तीन वाजलेले असतात आणि देशभरातल्या वेधशाळा त्याच वेळी पाऊस मोजतात. तुम्ही सातला मोजलात तर पहाटेच्या पावसाची विभागणी बदलते आणि मंडळाच्या आकड्याशी तुलना निरर्थक होते. तारखेचाही नियम आहे: १५ जुलैला सकाळी मोजलेला पाऊस १५ जुलैच्याच नावावर लिहायचा, जरी त्यातला बहुतेक १४ च्या दुपारी पडलेला असला तरी. मुंबईचा ‘२६ जुलै’चा पाऊसही ८.३० च्या नोंदीत २७ तारखेचा आहे. शेजाऱ्याशी किंवा केंद्राशी आकडे जुळत नाहीत तेव्हा निम्म्या वेळा भांडण तारीख एक दिवस मागे-पुढे झाल्याचे असते. पाऊस जोराचा असेल आणि बाटली भरायची भीती असेल तर मध्येच मोजून ओता, तो आकडा लिहून ठेवा आणि सकाळच्या आकड्यात मिळवा.

वहीत रकाने थोडे ठेवा, नाहीतर श्रावणापर्यंत वही बंद पडते. तारीख, पाऊस एक दशांशापर्यंत, सुरू-बंद झाल्याची ढोबळ वेळ, आणि शेरा: गडगडाट, गारा, झड, वापसा आला, ओढ्याला पाणी आले, पेरले, फवारले. आणखी एक रकाना आदल्या संध्याकाळच्या अंदाजाचा. त्याचे काम पुढे सांगतो. पाऊस नसेल त्या दिवशी ०.० लिहा. मोजले नसेल तर ‘नोंद नाही’ लिहा. शून्य आणि रिकामी जागा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लग्नाला गेलेल्या तीन दिवसांना शून्य लिहिले की खंड नसताना खंड दिसतो. परत आल्यावर बाटलीत ४२ मि.मी. निघाले तर ते शेवटच्या दिवशी, ‘तीन दिवसांचे मिळून’ अशा शेऱ्यासह लिहा. तिन्ही दिवसांत अंदाजाने वाटू नका. ०.१ मि.मी.पेक्षा कमी असेल तर ‘नाममात्र’. हवामान विभागाच्या हिशेबात २.५ मि.मी. किंवा जास्त पडले तरच तो ‘पावसाचा दिवस’. हंगामाचे पावसाचे दिवस मोजताना तोच निकष वापरा. बेरजा आठवड्याच्या करा आणि वाटल्यास नक्षत्राच्याही. सूर्यनक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे असते, मृग ७-८ जूनला लागते, त्यामुळे हिशेबाचा कप्पा म्हणून ते उत्तम आहे. नक्षत्राच्या वाहनावरून पावसाचा अंदाज बांधणे हा वेगळा विषय, आणि वही तो फार दिवस टिकू देत नाही.

दर महिन्याला एक तपासणी करा. १ जूनपासूनचा तुमचा एकूण पाऊस आणि मंडळ केंद्राचा एकूण पाऊस शेजारी-शेजारी लिहीत जा, जमले तर आलेखावर बिंदू मांडा. रेघ साधारण सरळ जायला हवी. तुमच्याकडे कायम ८५ टक्केच पडत असेल तर तो तुमच्या शिवाराचा स्वभाव. पण एखाद्या दिवसापासून रेघेचा उतारच बदलला, तर कुठला तरी मापक बदललाय: काठ वाकडा झाला, झाड वाढले, पात्र बदलले किंवा केंद्राचे नरसाळे तुंबले. याच गुणोत्तराचा आणखी एक फायदा आहे. ‘सरासरी’ म्हणण्यासाठी ३० वर्षांच्या नोंदी लागतात, तेवढे कोण थांबणार? तीन-चार हंगामांचे गुणोत्तर काढा आणि जवळच्या जुन्या केंद्राच्या दीर्घकालीन सरासरीला त्याने गुणा; कामापुरती सरासरी मिळते.

नुकसानभरपाईचे विचारतात म्हणून स्पष्ट लिहितो: अतिवृष्टीचा ६५ मि.मी.चा निकष मंडळाच्या केंद्रावर लागतो, फळपीक विम्याचे ट्रिगरही, म्हणजे भरपाई लागू होण्याच्या मर्यादाही, तिथल्याच आकड्यांवर चालतात. तुमची वही त्या आकड्याची जागा घेत नाही. पण केंद्राने शून्य दाखवलेल्या दिवशी तीन-चार शेतकऱ्यांच्या मापकांत ४०-५० मि.मी. असेल, तर तारीख, वेळ आणि मोजपात्राचा फोटो जोडून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे केंद्र तपासणीचा लेखी अर्ज करता येतो. ‘आमच्याकडे लई पडला’ यापेक्षा त्याला वजन असते. हे त्याच आठवड्यात करा.

तापमानाचे थोडक्यात. पत्र्याखाली, भिंतीला किंवा उन्हात टांगलेला सेन्सर हवेचे तापमान सांगत नाही, पत्र्याचे सांगतो. पांढरी, पट्ट्या-पट्ट्यांची पेटी, दार उत्तरेला, सेन्सर जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर. शांत, निरभ्र हिवाळी रात्री थंड हवा जड होऊन सखल भागात साचते, म्हणून निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा नाशिक शहरापेक्षा बऱ्याचदा खाली असतो. द्राक्षबाग खोलगट जमिनीत असेल तर जिल्ह्याच्या किमान तापमानातून आपल्या बागेचे किती अंश वजा करायचे, ते एका डिसेंबर-जानेवारीच्या नोंदीत कळते.

आता अंदाज. तो वाचताना शब्दांचे अर्थ ठरलेले असतात, आणि बहुतेक राग हे अर्थ माहीत नसल्यामुळे येतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५, त्यापुढे जवळपास सर्वत्र. ‘जोरदार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मि.मी., ‘अति जोरदार’ ११५.६ ते २०४.४, त्यावर ‘अत्यंत जोरदार’. म्हणजे ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ या वाक्यात चारपैकी तीन केंद्रांवर तसा पाऊस पडणार नाही, हे आधीच सांगितलेले आहे. तुमच्याकडे कोरडे गेले म्हणून अंदाज चुकला असे होत नाही. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग किती सावध राहायचे ते सांगतात: लक्ष ठेवा, तयारीत राहा, कृती करा. रंगावरून मि.मी. काढू नका.

मुदतीप्रमाणे अंदाजाचे काम बदलते. तीन तासांपर्यंतचा तात्काळ इशारा रडारवर दिसणाऱ्या ढगांवरून येतो. वीज आणि गारपिटीसाठी तोच कामाचा, जोडीला ‘दामिनी’ अ‍ॅप. तीन ते पाच दिवसांचा अंदाज फवारणी, खत, काढणीसाठी. दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज खंडाची चाहूल देतो, पण त्यात तारीख शोधायची नाही. पहिले दोन आठवडे गंभीरपणे घ्या, पुढचे दोन कानावर ठेवा. हंगामी अंदाज भारतात १८८६ पासून दिला जातोय, सर्वात जुना तोच, आणि एकट्या शेतकऱ्याला सर्वात कमी उपयोगाचाही तोच. देशाची जून-सप्टेंबर सरासरी ८७ सें.मी. आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस ‘सामान्य’. देशात १०५ टक्के पडून तुमच्या तालुक्यात जुलैचे वीस दिवस कोरडे जाऊ शकतात. बियाणे कंपन्या आणि सरकारी नियोजनाला तो हवाच. तुमचे पेरणीचे दिवस त्यावरून ठरत नाहीत. ग्रामपंचायत स्तरावरचा अंदाज २०२४ पासून मिळतो, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेले, देशाचे ६ किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करणारे मॉडेलही मे २०२५ पासून वापरात आहे. चांगली प्रगती आहे, पण गावाच्या नावापुढचा आकडा मॉडेलच्या चौकोनाचा असतो. गावात कुणी मोजलेला नसतो.

आणि आता त्या अंदाजाच्या रकान्याचे काम. संध्याकाळी अंदाज ‘पाऊस’ की ‘नाही’ एवढेच लिहा, सकाळी पडला की नाही ते शेजारी येतेच. दोन वर्षांच्या सप्टेंबर-ऑक्टोबरचे १२२ दिवस घेऊ. उदाहरणादाखल आकडे: ‘पाऊस’ म्हटलेले ४० दिवस, त्यातले २४ दिवस खरेच पडला, म्हणजे ६० टक्के. ‘नाही’ म्हटलेले ८२ दिवस, त्यातही १० दिवस पडला, म्हणजे १२ टक्के. तुमच्या रानासाठी या अंदाजाची किंमत आता तुम्हाला माहीत झाली.

पुढचा प्रश्न: किती टक्क्यांना हालचाल करायची? खबरदारीचा खर्च भागिले टळणारे नुकसान; पावसाची शक्यता या उत्तराहून जास्त असेल तर खबरदारी घ्यायची. सोयाबीन कापून ढीग लावलाय, ताडपत्री घरचीच, झाकण्या-उघडण्याची मजुरी ६०० रुपये. भिजले तर डाग पडून ८,००० चे नुकसान. ६०० भागिले ८,०००, साडेसात टक्के. म्हणजे अंदाज ‘पाऊस नाही’ असला तरी शक्यता १२ टक्के आहे, ढीग रोज संध्याकाळी झाकायचा. इथे अंदाज बघायचीच गरज नाही. त्याच दिवशी शेजाऱ्याला फवारणी करायचीय. पुढे ढकलली तर रोग थोडा वाढून ६०० चे नुकसान, धुऊन गेली तर औषध-मजुरीचे १,८०० गेले. मर्यादा ३३ टक्के. ‘पाऊस’ म्हटलेल्या दिवशी थांबावे, ‘नाही’ म्हटलेल्या दिवशी मारावे. एकच अंदाज, एकच शिवार, दोन वेगळे निर्णय आणि दोन्ही बरोबर. रकमा प्रत्येकाने आपल्या घालाव्यात. जून-जुलैसाठी तक्ता वेगळा मांडा, कारण झडीच्या दिवसांत ‘पाऊस’ म्हणणे सोपे असते आणि टक्केवारी फुगते. फवारणीसाठी पावसाबरोबर वाराही बघा: ताशी १०-१२ किलोमीटरच्या पुढे औषध उडते, आणि पहाटे अजिबात वारा नसेल तेव्हा बारीक तुषार खाली न बसता तरंगत राहतात.

पेरणीचा नेहमीचा सल्ला ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावरचा आहे. तो मंडळाचा न धरता स्वतःच्या मापकाचा धरा, आणि पाऊस कसा पडला ते बघा. दीड तासात पडलेले ९० मि.मी. बरेचसे ओढ्याने गेलेले असतात. चार दिवसांत मिळून पडलेले ८० त्याहून चांगले. म्हणून सुरू-बंदची वेळ लिहायला सांगितली. मग वीतभर खोल उकरून ओल लागते का पाहा, वापसा येऊ द्या, पुढच्या आठ-दहा दिवसांचा आणि गुरुवारचा अंदाज बघा. हलक्या रानात पुढे खंड दिसत असेल तर दोन-चार दिवस थांबणे दुबार पेरणीपेक्षा स्वस्त पडते. भारी काळ्या रानात उलट धोका असतो: थांबलात आणि झड लागली तर तिफण रानात जातच नाही.

पाणी देण्याचा हिशेबही याच वहीतून होतो. एक मि.मी. म्हणजे गुंठ्याला सुमारे १०१ लिटर, एकराला ४,०४७ लिटर. कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात बाष्पीभवन पात्राचे ६ मि.मी. दिले असेल, तर पात्राच्या गुणांकाने, ०.७ ने, गुणून ४.२, पिकाचा गुणांक ०.८ धरला तर ३.३६ मि.मी.; एकराला साधारण १३,६०० लिटर, ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरून १५,१०० लिटर. आदल्या दिवशी तुमच्या मापकात १२ मि.मी. असतील तर तीन दिवस मोटर बंद. उन्हाळ्यात ४-५ मि.मी. पडले तर मात्र बंद करू नका, ते वरच्या मातीतूनच उडून जातात.

मापकाची वार्षिक तपासणी मे अखेरीस, मृगाआधी करा. साध्या मापकाचे नरसाळे धुवा, बाटली गळते का पाहा, लेव्हल पुन्हा लावा, आणि २०० मि.लि. पाणी ओतून पात्रावर १० मि.मी. येतात का ते तपासा (तोंड २०० चौ. सें.मी. असेल तर). टिपिंग बकेटच्या तशाच तोंडाच्या मापकात ४०० मि.लि. पाणी सलाइनच्या नळीने अर्ध्या तासात हळूहळू सोडा; ०.२ मि.मी.च्या वाटीचे १०० ठोके पडायला हवेत. ९५ ते १०५ आले तर ठीक. कमी-जास्त आले तर वाटीखालचे स्क्रू फिरवण्याआधी वाटीतला चिखल पुसून चाचणी परत घ्या, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागते.